आठ विभक्ती आणि एक थांबा

कानातलं यंत्र मी मुद्दाम कपाटात ठेवते. घरच्यांना वाटतं, आजी विसरली. विसरत कसली! हात रिकामे असले की मला कानांची फारशी गरज पडत नाही, आणि ही विद्या मला ज्या मुलीने शिकवली तिला शिकवायला मी निघाले होते, हीच खरी गंमत.

तेव्हा भिलाईत कारखाना उभा होत होता. चहूकडे लाल माती, अर्धवट उभे खांब आणि धूळ. मी अठरा वर्षांची, सातवी पास, आणि शाळेत व्याकरणात पहिली आलेली. हे शेवटचं मी त्या काळात रोज कुणाला तरी सांगत असे. यांची नोकरी खलाशाची. म्हणजे जहाजावरची नव्हे. क्रेनला लोखंडी तुळया बांधायच्या आणि क्रेनवाल्याला हातांनी इशारे करायचे. आमच्याबरोबर राहायची माझी धाकटी नणंद, सोळा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. सासूबाई गेल्यावर हे तिला भंडाऱ्याकडच्या गावाहून इकडे घेऊन आले होते.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पसंत नव्हतं. धान कापून झालं की येऊन पोरीला परत नेतो, असा त्यांचा निरोप होता. गावात तिला काय होतं? चुलतकाकूच्या गोठ्यात शेण काढणं. आणि इथे, दोन गल्ल्या सोडून, कामगारांसाठी जाड कापडाचे हातमोजे शिवायची एक शेड निघाली होती. नणंदेच्या हातात सुई अशी चालायची की बघत राहावं. ती शेडच्या दाराशी जाऊन उभी राहायची. शेडवाल्या बाई मद्रासकडच्या. त्या मला म्हणाल्या, "काम देगा. मगर इसको बोलेगा कौन? समझाना पड़ता."

"मैं हूँ ना," मी म्हणाले. अठराव्या वर्षी माणूस असंच बोलतं.

घरी येऊन मी भाषा तयार करायला बसले. नणंदेच्या स्वतःच्या खुणा होत्याच, पण माझ्या मते ती भाषा नव्हती, हातवारे होते. कर्ता नाही, कर्म नाही, प्रत्यय तर औषधालाही नाहीत! मी माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठा सोडला तर चार बोटं, प्रत्येकाची वरची दोन पेरं धरली तर आठ. विभक्तीही आठच! देवाने माणसाचा हात मराठी व्याकरणासाठीच घडवला, याबद्दल मला शंका उरली नाही. मग नियम केला: आधी वस्तूची खूण करायची, मग अंगठ्याने पेर दाबून विभक्ती दाखवायची. करंगळीचं टोक म्हणजे प्रथमा, तिथून पुढे मोजत जायचं. 'सुईने कापडाला' एवढं म्हणायला चार खुणा. भूतकाळासाठी डोक्याला हात, भविष्यासाठी कपाळाला. वही भरली.

नणंद बिचारी समोर बसून सगळं करायची. मध्येच तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, पाठ करून राहिली आहे. ती हसू दाबत होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिची पद्धत वेगळीच होती. ती आधी हवेत जागा ठरवायची. डावीकडे हाताने चूल मांडली की मग बोलणं संपेपर्यंत चूल तिथेच. उजवीकडे नळ. आता बोट नळावरून चुलीकडे नेलं की झालं, पाणी चुलीवर गेलं. कोणी नेलं ते तिच्या नजरेत. काल असेल तर खांद्यामागून सुरुवात. प्रश्न असेल तर भुवया वर. आणि क्रियापदं? ती तिने भावाकडून उचलली होती, क्रेनची. बोट वर करून गरगर फिरवलं की वर चढतंय, खाली करून फिरवलं की उतरतंय, एका हातावर दुसरा पालथा धरला की हळू.

एकदा मी ओसरीत तांदूळ निवडत होते. ती आतून धावत आली. धार काढल्याची खूण, आणि बोट वर गरगर, गरगर. मी शांतपणे मान हलवली आणि करंगळीचं टोक दाबून दाखवलं: प्रथमा कुठे आहे? पुन्हा सांग. तिने पुन्हा बोट फिरवलं. मी पुन्हा करंगळी दाबली. तोवर शेरभर दूध चुलीत.

संध्याकाळी यांना कळलं तेव्हा हे पोट धरून हसले. "अवो, तू क्रेनखाली उभी असती तं दहा माणसं चेंगरली असती!"

"पण वाक्य शुद्ध नको?" मी.

"आमच्या गँगमध्ये बंगाली आहे, तेलुगू आहे, वर एक रशियन साहेब. कोणाचं वाक्य शुद्ध ठेवू? तिथं दोनच नियम. क्रेनले इशारा एकच माणूस देते. आणि थांबाचा इशारा मात्र कोणीही देला तरी थांबाच लागते. साहेब असो का झाडूवाला, कावून थांबवलं म्हणून विचारायचं नाही." यांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून, तळवे पालथे करून दाखवले. नणंदेने मान डोलावली. तिला तो माहीत होता. मी तो वहीत लिहिलाही नाही. त्याला विभक्ती कुठून लावणार?

धान कापून झालं, मामाजी आले. दाराशी वहाणा काढता काढताच म्हणाले, "सूनबाई, सोमवारच्या गाडीनं पोरीले घेऊन जातो. तुमी आपल्या कामात. तिले काही झालं तं हाक कशी मारन ते?"

"मामाजी, शनिवारी तिची शेडमध्ये परीक्षा आहे. पास झाली तर?"

"पास झाली तं पाहू. तिलेच विचारू." त्यांच्या आवाजात, ती काय सांगणार, असं होतं.

शनिवारी आम्ही दोघी शेडमध्ये. मी लुगडं नवं नेसलेलं, काखेत वही. बाईंनी कापलेलं कापड टेबलावर टाकलं. "पहले उल्टा सिलाई. अंगूठा बाद में. फिर पलटाना."

मी हात वर केले. हातमोजा, करंगळीचं टोक. बाजू, उलटी, मग तृतीयेसाठी पेर मोजलं. चुकलं, पुन्हा मोजलं. अंगठ्याची खूण करायला अंगठाच लागत होता आणि पेर दाबायलाही अंगठाच. तिथे माझी भाषा अडकली. शिवणाऱ्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं. "इतने में हम चार जोड़ी सिलता."

मी वही उघडली. पोरीचं सगळं आयुष्य माझ्या वहीच्या पानांत अडकलंय, आणि मला पान सापडत नाही.

तेवढ्यात समोर दोन हात पसरले. खांद्याच्या रेषेत, तळवे पालथे. थांब.

खलाशाची बायको मी. थांबले. वही उघडी, हात तसाच अधांतरी.

नणंद बाईंकडे वळली. तिने टेबलावर डाव्या बाजूला हवेत हातमोजा ठेवला, उजव्या बाजूला अंगठ्याचा तुकडा. मोज्यावर सुई चालवली, अंगठ्यापुढे पालथा हात धरला: हा थांबेल. मग अंगठा उचलून मोज्याला लावला, सगळं पालटलं, आणि भुवया वर केल्या: असंच ना? बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या शेडमध्ये कुणालाच त्यांची भाषा येत नव्हती; वर्षभर त्या सगळ्या बायकांशी हातांनीच बोलत होत्या. मला ते कधी दिसलंच नव्हतं, मी त्यांचं हिंदी तपासत होते. त्यांनी बोटाने शिवण दाखवली, दोनदा मागेपुढे: इथे दुहेरी. नणंद मशीनवर बसली.

मोजा झाल्यावर बाईंनी त्याचा अंगठा धरून जोरात ओढला. टाका हलला नाही.

"सोमवार से आना," त्यांनी बोट खाली टेकवून तिला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आप मत आना."

रात्रीच्या जेवणाआधी मामाजी म्हणाले, "सूनबाई, विचार तिले. येते का गावाले?"

माझे हात सवयीने उठले. मी ते मांडीखाली दाबले. "तुम्हीच विचारा, मामाजी."

ते घुटमळले. सोळा वर्षांत त्यांनी लेकीशी बोट दाखवून 'हे आण, ते ने' एवढंच बोलणं केलेलं. त्यांनी खिडकीबाहेर दूर कुठेतरी बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि बिचाऱ्यांनी कशाबशा भुवया वर केल्या.

तिने गाव उजवीकडे मांडलं, त्यात मिशीवर बोट फिरवून बापाला बसवलं. डावीकडे शिवणयंत्र, तिथे स्वतःला. मग दोन बोटांची गाडी डावीकडून उजवीकडे नेली आणि ओंजळीत दिवा लावला. मग गाडी परत आणली.

मामाजी बराच वेळ त्या हवेकडे पाहत राहिले. "दिवाळीले येतो म्हणते," ते म्हणाले. मला विचारलं नाही, मला सांगितलं.

सोमवारी दुर्गला त्यांना गाडीत बसवायला आम्ही सगळे गेलो. नणंदेने बाईंकडून सकाळची सुट्टी हातांनीच मागून आणली होती. फलाटावर ही गर्दी, इंजिनाचा आवाज, सगळे खिडक्यांतून ओरडताहेत आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मी पण बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "मामाजी, पोचल्यावर पत्र टाका!" ते कानाला हात लावून विचारत होते, काय, काय?

गाडी हलली. मामाजींनी मला सोडून लेकीकडे पाहिलं आणि खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून ओंजळीत दिवा लावला. तिने बोट वर करून गरगर फिरवलं, म्हणजे काय ते मी तिला विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. फलाट संपेपर्यंत त्या दोघांचं बोलणं चालू होतं.