हळू रे, वार हाय गाडीत

माझ्या आतेसासूबाईंसारखी बाई मुरबाड तालुक्यात दुसरी नाही. शहापूर तालुक्यातही नसावी, कारण तिथे त्या बारा वर्षं नांदल्या आहेत, आणि असती तर त्यांनी तिला शोधून काढून तिच्याशी कडाक्याचं भांडण केलं असतं. मूलबाळ झालं नाही, नवराही गेला, तेव्हा त्या वैशाखऱ्याला भावाच्या घरी परत आल्या आणि तेव्हापासून आमच्याकडे दोन सत्ता नांदतात: घरात सासऱ्यांची आणि अंगणात आत्यांची. घरातल्या सत्तेला फारसं कुणी जुमानत नाही. अंगणात मात्र आत्यांना विचारल्याशिवाय साधी खुंटी ठोकता येत नाही. बाळाच्या पाठोपाठ पडणारी वार अंगणात खड्डा करून पुरायची आणि वर दगड ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. इतर घरांत लोक पुरतात आणि विसरून जातात. आत्या विसरत नाहीत. या घरात जन्मलेल्या प्रत्येकाची वार नेमकी कुठे आहे ते त्यांना पाठ आहे, आणि माणूस समोर उभा असला तरी त्यांच्या मते तो खरा तिथे जमिनीखाली असतो.

मला हे कळलं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. वाशिंदच्या आईला फोन लावायचा म्हणून रेंज शोधत मी अंगणात हिंडत होते. एवढ्यात पडवीतून आवाज आला, "पाय उचल गो, नवऱ्यावर उभी हायेस!" मी दचकून उडी मारली. "आता सासऱ्यावर आलीस," आत्या म्हणाल्या. त्या दिवशी मी एका पायावर उभी राहून आईला सांगितलं की इथे सगळं छान आहे. पुढे हळूहळू सगळं अंगण मला समजलं. आत्यांच्या मते माणसाचा स्वभाव त्याच्या जागेवरून ठरतो. माझ्या नवऱ्याची वार शेवग्याखाली आहे, म्हणून तो उंच आणि जरा काही झालं की मोडून पडणारा. दिराची न्हाणीच्या पन्हळीपाशी, म्हणून त्याला सदा सर्दी. नणंदेची कुंपणाला लागून, म्हणून ती थेट नाशिकला पडली. शौचालय बांधायला गवंडी आला तेव्हा त्याने आखलेल्या चौकोनाच्या मधोमध आत्या खुर्ची टाकून बसल्या. त्याने विचारलं, "आजी, काय हाय इथं?" आत्या म्हणाल्या, "तुझा मालक." मालक, म्हणजे माझे सासरे, शेजारीच तंबाखू मळत उभे होते. गवंड्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा जमिनीकडे, आणि शौचालय गोठ्यामागे गेलं. हौदाजवळ अबोलीच्या वाफ्यापाशी एक हातभर जागा होती. तिथे तर आत्या शेळीलाही फिरकू देत नसत. तिथे कोण आहे, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. नवऱ्याला वाटे, कुणीतरी फार जुनं माणूस असावं. मला वाटे, काहीतरी दुःखाचं असावं, म्हणून मी विचारलं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. त्यानंतर पुन्हा राहिले तेव्हा मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटत होती. पाचव्या महिन्यात कल्याणच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वार खाली आहे. पोट वाढतं तशी ती बहुतेक वेळा वर सरकते, आताच घाबरू नका. पण ओझं उचलायचं नाही, धक्के नकोत, आणि जरा जरी रक्त दिसलं तरी लगेच इकडे." मी रडत घरी आले. आत्यांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. जन्मभर ज्या विषयाचा अभ्यास केला त्यातलाच प्रश्न घरात आला होता! त्या दिवसापासून त्यांनी माझा ताबा घेतला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा विषय आईने काढला तर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "विहीणबाय, तुमी दुसऱ्या माळ्यावर. वार पुराल कुठं, कुंडीत?" माझ्या आईकडे गॅलरीत खरोखरच दोन कुंड्या आहेत. तिने तो विषय तिथेच सोडला.

कल्याणला तपासणीला जायचं म्हणजे आत्या जीपच्या पुढच्या बाकावर ड्रायव्हरशेजारी. दर खड्ड्याच्या अलीकडे त्या त्याच्या मनगटावर हात ठेवत, "हळू रे, वार हाय गाडीत." मागच्या बाकावरच्या एका माणसाने हे ऐकून आपली अंड्यांची पाटी मांडीवर घेतली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, मुलगा की मुलगी हे इथे सांगितलं जात नाही, अशी मोठी पाटी होती. आतल्या बाईंनी आत्यांकडे बघून तेच पुन्हा बजावलं. आत्या भडकल्या. "पोरगा-पोरगी कोण इच्यारतंय तुला? वार कुठं हाय ता सांग!" त्या बाईंना नोकरीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. सातव्या महिन्यात उत्तर आलं, "थोडी वर गेलीय," आणि आठव्यात, "आता काही काळजी नाही, चांगली वर आहे." आत्यांनी परतीच्या जीपमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, असं एकीने विचारलं. "चढली," एवढंच आत्या म्हणाल्या.

त्याच दवाखान्यात मला नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या बँकेच्या एक मॅडम भेटल्या होत्या. बाळाच्या नाळेतलं रक्त आणि वारेतल्या पेशी जपून ठेवायच्या, पुढे काही आजारांत उपयोगी पडतात, असं त्या सांगत. आमच्या घरात तसा कुठला आजार नव्हता, आणि डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "ठेवलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, ठेवायचं तर ठेवा. पण बाळ लहानखुरं असेल तर नाळ कापायची मी घाई करणार नाही. आधी बाळ, मग बँक." तरी मला ते हवं होतं. एक गेल्यावर दुसऱ्यासाठी जे जे करता येईल ते करून टाकावं, असं मला झालं होतं. घाबरलेल्या माणसाला कुणी कुलूप दाखवलं की तो ते घेतोच.

मॅडम कागद घेऊन वैशाखऱ्याला आल्या. अंगणात खुर्चीवर बसल्या न बसल्या तोच आत्या म्हणाल्या, "जरा पलीकडं बसा, तिथं माझा भाव हाय." मॅडमनी दोन्ही पाय वर उचलले ते चहा येईपर्यंत खाली ठेवले नाहीत. मग आत्यांनी चौकशी सुरू केली. वार ठेवता कुठं? टाक्यांत, बर्फापेक्षाही थंड. तिला बघायला येता येतं का? मॅडम म्हणाल्या, तशी पद्धत नाही. कोणाची कुठली ता ओळखता कसं? प्रत्येक पिशवीवर बारकोड असतो. "मंजे चिठ्ठी," आत्या म्हणाल्या, "आमाला चिठ्ठी नाय लागत." मग जरा थांबून, "आणि पोर आजारी पडंल, असं धरूनच चालता का तुमी?" मॅडम भल्या होत्या. हसून म्हणाल्या, "पडू नये म्हणूनच देवाला हात जोडतो, आजी. पण छत्री घेऊन निघतो." आत्यांना हे उत्तर आवडलं. त्यांनी शेवग्याच्या शेंगांची जुडी आणून मॅडमच्या पिशवीत घातली, आणि घालता घालता विचारलं, "नाळेतलं रगत तुमाला. आणि वार?" मॅडम म्हणाल्या, "तीपण आमच्याकडेच येईल." आत्यांचा हात पिशवीतच राहिला. "मंग मला काय राहिलं?" त्या म्हणाल्या.

मॅडम गेल्यावर आमचं वाजलं. आत्या म्हणाल्या, रक्त दे, पण वार घरची आहे, ती घरी येऊ दे. पोर उद्या मी कुठलं म्हणून विचारील तर टाकीतलं म्हणून सांगायचं का? माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हणाले, "तुमच्या अंगणानं माझं पहिलं वाचवलं का?" बोलले आणि जीभ चावली. आत्या उठल्या आणि हौदाकडे जाऊन अबोलीला पाणी घालू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दे गो. सगळं दे. वारबी दे. पोर जगू दे, माझं काय."

मला रडू आलं, पण कागदावर सही मी केली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला. काही दिवसांनी बँकेचा पांढरा खोका घरी आला. उन्हात ठेवायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, बाळंतपणाला जाताना बरोबर न्यायचा, असं मॅडमनी फोनवर समजावलं, आणि आत्यांनी तो ताब्यात घेतला. ज्या खोक्यातून त्यांची वार परक्या गावाला जाणार, त्यालाच त्या दिवसातून चार वेळा जागा बदलून सावलीत ठेवत. दुपारी पत्रा तापला की तो देवघरात जाई. एकदा तर त्या त्याला पदराने वारा घालत होत्या. त्या खोक्यात काय आहे, असं शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "आजून काय नाय. येईल."

तीन आठवडे बाकी असताना एका सकाळी अकरा वाजता माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. नवऱ्याला जीप बोलवायचं सुचेपर्यंत आत्या जीप बोलावून, खोका कवटाळून पुढच्या बाकावर बसलेल्या होत्या. या वेळी त्या हळू म्हणाल्या नाहीत. "हाण रे," म्हणाल्या, "खड्डे मी बघते." मुरबाड गेलं, म्हारळ गेलं, मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की दर कळेला पुढून एक हात मागे येई आणि माझा गुडघा घट्ट धरी.

मुलगी झाली. लहानशी, जेमतेम ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरबाईंनी तिला माझ्या पोटावर ठेवलं आणि नाळ तशीच राहू दिली. "थांबूया जरा," त्या म्हणाल्या, "हिचं हिला जाऊ दे." ती नाळ धडधडताना मी बघितली. एवढ्याशा जिवाला लांबून कुणी काही पोचतं करत होतं, आणि ती निळसर पोर बघता बघता गुलाबी झाली, आणि मग तिने तोंड उघडून जो टाहो फोडला त्याने माझ्या छातीवरचा दोन वर्षांचा दगड बाजूला झाला. नाळ कापल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्त आता बँकेला पाठवण्याजोगं उरलं नाही. वार चांगली आहे, ती पाठवायची का?" खोका टेबलावर उघडा होता. मी दाराकडे बघितलं. म्हणाले, "नको. वार आत्यांना द्या."

बाहेरची हकिकत मला नवऱ्याने सांगितली. नर्स येऊन म्हणाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत. सासरे डोळे पुसू लागले. आत्यांनी विचारलं, "वार पुरी पडली का?" पडली म्हणाल्यावर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग नर्सने तोच पांढरा खोका, आत नीट बांधलेल्या पिशवीसकट, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सही मागितली. आत्यांना सही येते, पण त्या दिवशी त्यांनी अंगठा दिला. खोका सोडून पेन धरायला त्या तयार नव्हत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं, छत्री लागलीच नाही."

पाचव्या दिवशी मी लेकीला घेऊन घरी आले. अंगणात शिरताना सवयीने शेवगा टाळला, न्हाणीची पन्हळ टाळली, आणि थबकले. हौदाजवळच्या त्या जागेवर ओली माती होती, वर दगड, भोवती कुत्र्यांसाठी बाभळीचे काटे.

"आत्या, इथे तर आधीचं कुणी आहे ना?"

"कोण नाय गो," आत्या म्हणाल्या. "रिकामीच होती."

"मग इतकी वर्षं..."

"पयलं बाळंतपण म्हायेरी असतंय ना. माझं लगीन ठरलं तवाच बघून ठेवलेली मी. हौद जवळ, जागा गार राहते." त्यांनी माझ्या हातातून मुलगी घेतली आणि तिच्या कानावरचं टोपरं सारखं केलं. "धरून ठेवलेली नुसती. घेतली हिनं, बरं झालं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, ओली बाळंतीण, वाकू नको. नाहीतरी मला तेव्हा त्यांच्या पायांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

आता त्या खोक्यात आत्यांचं काकडी-भोपळ्याचं बियाणं असतं. लेक रांगायला लागली आहे आणि रांगत रांगत नेमकी हौदाकडे जाते. मी तिला उचलायला धावते. आत्या पडवीतून ओरडतात, "राहू दे गो! तिच्याच जागेवर हाय ती."