पिल्लांवरचा मरळ

आई रामदासपेठेतल्या दवाखान्यात आयसीयूत होती, तेव्हा बाबांना बाहेरच्या बाकावर बसवेना. सारखे उठत, काचेतून आत पाहत, परत येत. शेवटी नर्सच म्हणाली, "यांना जरा मोकळ्या हवेत न्या." मावशीला तिथे बसवून मी बाबांना स्कूटरवर घेतलं. वाटेत त्यांनी घरून गळाची काठी घ्यायला लावली आणि आम्ही शहराबाहेरच्या तलावावर गेलो.

काठच्या गवताजवळ तांबूस ठिपक्यांचा पुंजका पाण्यावर हलत होता. मरळाची पिल्लं. हवा घ्यायला वर येत, बुडत, पुन्हा वर. एक बेडूक त्यांच्या बाजूनं पोहत गेला आणि खालून पाणी फाटलं. बेडूक गायब.

"मरळ भुकेला असेल," मी म्हटलं.

"भूक नसली तरी मारते तो. पिल्लांपाशी कोणाले येऊ देत नाही वं."

एवढं ठाऊक असून बाबांनी गळाला लावलेला रबरी बेडूक तिथेच फेकला.

"बाबा, नका ना."

त्यांनी ऐकलं नाही. काठी एकदम वाकली आणि हातभर लांबीचा मरळ गवतावर येऊन आपटला. माझं लक्ष पाण्याकडे गेलं. बारके चंदेरी मासे पुंजक्यात घुसले होते. ठिपके भराभर कमी होत होते.

"बाबा, पिल्लं खाताहेत ते!"

बाबांनी पाहिलं. घाईघाईनं काटा सोडवला, गुडघाभर चिखलात उतरले आणि मासा पाण्यात ठेवला. तो क्षणभर तसाच राहिला. मग शेपटीचा एक फटका, आणि दिसेनासा झाला.

तेवढ्यात मावशीचा फोन. डॉक्टरांनी बोलावलं होतं.

"बाबा, चला!"

"थांब. तो परत येते का, पाहू दे मले."

"आई तिकडे—"

"थांब म्हटलं ना!"

मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभी राहिले. आणि मग पाणी उसळलं, एक चंदेरी मासा उडून थेट काठावर पडला. उरलेली पिल्लं हळूहळू एकत्र आली. बाबा चिखलाच्या पायांनीच स्कूटरवर बसले.

डॉक्टर म्हणाले, ताप उतरलाय, उद्या वॉर्डात हलवू. बाबांनी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आल्यावर आईनं आधी विचारलं, "जेवले का तुम्ही?"

"हो," बाबा म्हणाले. साफ खोटं. मी त्यांना खालच्या कँटीनमध्ये नेलं. त्यांनी पोळीचे दोन घास कसेबसे गिळले आणि ताट सरकवून म्हणाले, "चाल, वर जाऊ."