विषय क्रमांक दोन

ख्रिस्ताच्या सेवेसाठी देवाने मला निवडले आणि आमच्या मंडळीने ती निवड एकमताने कायम केली. हे वाक्य मी अनेक उपासनांत गंभीर आवाजात सांगितले आहे, आणि ते खरेही आहे. त्या दिवशी पाच पंच हजर होते. सूचक माझे मामा होते, अनुमोदक मामांचे व्याही, आणि मुरुम गावाच्या आसपास मॅट्रिक होऊन घरी बसलेला दुसरा ख्रिस्ती तरुण नव्हता.

पंचांचे अध्यक्ष दाऊदराव गावच्या सोसायटीत संचालक होते. तिथली शिस्त त्यांनी मंडळीतही आणली होती. विषयपत्रिका, कोरम, सूचक, अनुमोदक. नाताळच्या उपकारस्तुतीलासुद्धा अनुमोदक लागायचा. देव एखाद्याला सेवेसाठी बोलावतो त्याला आम्ही पाचारण म्हणतो, आणि माझ्या पाचारणाची नोंद इतिवृत्तात अशी आहे: ‘सदर इसमास देवाने बोलावले असल्याचे ही सभा मान्य करीत आहे.’ सदर इसमाला स्वतःला काही ऐकू आले का, हे कोणी विचारले नाही. मीही आपण होऊन सांगितले नाही.

बारा वर्षे मी पाळक म्हणून काम केले. लग्ने लावली, बाप्तिस्मे दिले, माणसे पुरली. ज्यांच्या घरी मरण आले त्यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून धीर दिला. मग बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या उन्हाळ्यात माझी पत्नी तीन दिवसांच्या जुलाबाने गेली, आणि तेच दोन शब्द लोकांनी मला ऐकवले. ते कसे लागतात हे मला तेव्हा कळले. त्यानंतर मी प्रार्थना म्हणत राहिलो, पण ती कुणाला म्हणतो आहे हे मला माहीत नव्हते. आड कोरडा पडल्यावरही सवयीने माणूस पोहरा सोडतो, तसे ते चालले होते.

दुष्काळात मंडळीच सगळी खडी फोडायला गेली, म्हणून मीही गेलो. रस्त्याचे दुष्काळी काम होते. सकाळी हजेरी, दुपारी खायला सरकारी सुकडी, आणि दिवसभर हातोडा. बरोबर कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे धुळीत ओळखू येत नसे. आमच्या टोळीत पाणी वाटायला एस्तेरबाई होत्या. चाळिशीच्या, विधवा, आमच्याच मंडळीतल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून सावकाश वाचायच्या. उपासनेत त्या माझ्यासमोर बसत आणि माझ्या उपदेशाच्या वेळी खिडकीबाहेर बघत, एवढीच माझी त्यांच्याविषयीची माहिती.

पंचांपैकी शिमोन आणि त्याची बायकोही त्याच टोळीत होती. त्यांची सहा महिन्यांची मुलगी बाभळीला बांधलेल्या झोळीत असायची. एका दुपारी बायको पाजायला गेली आणि तिथूनच ओरडली. मूल गेले होते. माणसे गोळा झाली, आणि पाळक हाताशीच होता म्हणून मला पुढे केले. मी तोंड उघडले. पहिले वाक्य आले, ते नेहमीचेच होते. दुसरे आलेच नाही. मी पोराच्या आईकडे बघत उभा राहिलो आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मुकादमाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

एस्तेरबाई घागर घेऊन आल्या. त्यांनी पोर आपल्या मांडीवर घेतले, पदराचे टोक घागरीत बुडवले आणि त्या मेलेल्या लेकराचे तोंड पुसू लागल्या. त्या दिवसांत माणशी दोन पेले पाणी मिळायचे, तरी कोणी अडवले नाही. मग त्यांनी मान वर केली आणि शेजाऱ्याला म्हणावे तसे देवाला म्हणाल्या, “तुला दिसतंय न्हवं? मग हितंच बस थोडा येळ. कुटं जाऊ नगं.” आणि त्या आईला म्हणाल्या, “तू रड बाई. म्या धरते हिला.”

आणि देव बसला. मला एवढेच सांगता येते. यापेक्षा जास्त सिद्ध करायला मी जाणार नाही. बारा वर्षांत जी जागा माझ्यासाठी रिकामी होती, तिथे त्या दुपारी कोणीतरी होते, आणि ते मी बोलावल्यामुळे आलेले नव्हते.

त्याच आठवड्यात मी राजीनामा लिहिला. त्यात रागाचे काही नव्हते. ज्याला बोलावले आहे ते माणूस मी पाहिले होते, आणि ते मी नव्हतो. जायच्या आधी एकच काम करायचे ठरवले. मिशनच्या शाळेत बायबलबाई तयार करत. घरोघर जाऊन बायकांत सेवा करणारी बाई. तिथे पाठवायला पंचांची शिफारस लागे, आणि दिलेली तारीख हुकली तर पुढे दोन वर्षे वाट. मी एस्तेरबाईंना विचारले. त्यांनी घागर खाली ठेवली.

“पाळकसाहेब, पंच मला पाठवत्याल व्हय?”

“माहीत नाही.”

“मग इचारता कशाला?” म्हणाल्या, आणि थोडे चालून जाऊन वळल्या. “लिवा माजं नाव. येसताईंचं पोर व्हताना म्या हुते, काशीमभाईच्या आईला शेवटचं पाणी म्या पाजलं. आता कुणी इचारलंच हाय तर न्हाय कशी म्हनू?”

बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन विषय होते. एक, एस्तेरबाईंची शिफारस. दोन, माझा राजीनामा. सातांपैकी दोन पंच पोट भरायला पुण्याकडे गेले होते. उरले पाच, म्हणजे कोरमला नेमके पुरतील तेवढे. सूचक मी झालो. दाऊदरावांनी चष्मा पुसला.

“बाई हाय, चौथी शिकलेली. पानी वाटती. देवानं बोलावलं ह्याला पुरावा काय?”

“माझ्या वेळी काय होता?” मी विचारले.

“तुमी मॅट्रिक हुता,” दाऊदराव म्हणाले. “अनुमोदक?”

कोणी हात वर केला नाही. पंचांत बसलेला दाऊदरावांचा भाचा भिंतीकडे बघत होता, दुसरे दोघे दाऊदरावांकडे. अनुमोदक नाही तर ठराव नाही, हे मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा चांगले माहीत होते. त्यांच्या हाताशी अशी बाई होती आणि ते तिला सोडून देत होते. मला रडू येत होते. प्रार्थना तेवढी येत नव्हती.

शिमोन कधी बैठकीत बोलायचा नाही. तो उभा राहिला. “अनुमोदन,” म्हणाला. मग कोणी विचारले नसताना, “माज्या पोरीचं तोंड तिनं धुतलं,” एवढे बोलून खाली बसला.

दाऊदरावांनी बराच वेळ लेखणी धरून ठेवली. विरोधात कोण विचारले, कोणी नव्हते. मंजूर लिहिले. “विषय क्रमांक दोन,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. नऊ दिवसांनी आला होता. पंच घागरी घेऊन पळाले. दाऊदराव सर्वात शेवटी, उंबऱ्यात थांबून, रीतसर म्हणाले, “कोरम न्हाय. विषय दोन तहकूब.” आणि तेही पळाले.

मी राजीनाम्याचा कागद तसाच हातात घेऊन बाहेर आलो. रांगेत एस्तेरबाई उभ्या होत्या. मी ठराव मंजूर झाल्याचे सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू रांगेतल्या माणसाला टँकर आल्याची बातमी सांगावी तशी ती त्यांना आधीच कळलेली होती. “घागर कुटं हाय तुमची?” म्हणाल्या. “का अर्जावर पानी भेटनार हाय? आन म्या तिकडं गेल्यावर शिमोनच्या बायकोकडं रोज कोन जाईल? तुमी जावा. बोलू नगा लई. बसा नुस्तं.”

मी घागर आणली आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी शिमोनच्या घरी जाऊन नुसता बसलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. विश्वास परत आला असे मी म्हणणार नाही. पण बोलावणे माझ्या आवाजावर अवलंबून नाही हे कळल्यावर आपल्याकडून काहीच होत नाही याची लाज कमी होत गेली. स्वाधीन होणे म्हणजे काय, हे मी बारा वर्षे शिकवत होतो. ते रांगेत उभे राहण्यासारखे असते, हे एस्तेरबाईंमुळे समजले. त्यांचे उपकार फिटणार नाहीत, त्या देवाचेही नाहीत, जो त्या दुपारी उठून गेला नाही.

एस्तेरबाई वाचनाच्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाल्या, दुसऱ्या वेळी पास, आणि पुढे सोळा वर्षे गावोगाव फिरल्या. माझा राजीनामा त्या वर्षीच्या पुढच्या बैठकीत पुन्हा विषय क्रमांक दोन म्हणून ठेवला होता. कोरम झाला नाही. इतिवृत्तात तो अजून तहकूब आहे.