मन्ही शे

मृणाली बागूल पहिल्या दिवशी कोर्टावर गेल्या तेव्हा फ्री थ्रोच्या रेषेवर उपप्राचार्यांची मोटार उभी होती. शिपाई उखर्डूभाऊ लगबगीने पुढे आले.

"ऊन उतरेपर्यंत राहू द्या मॅडम. बोर्डाची सावली बरोब्बर सरांच्या सीटवर पडते."

जळगावच्या उन्हात सावलीची किंमत मृणाली यांना ठाऊक होती. पण बास्केटबॉलच्या बोर्डाला सावली देण्यापलीकडे काही काम उरलेले नाही, ही गोष्ट इतक्या निरागसपणे त्यांना कोणी सांगितली नव्हती. जुने प्रशिक्षक सोडून गेले होते, अनुभवी मुली पदवी घेऊन पांगल्या होत्या, आणि गेल्या वर्षीच्या पराभवाची आठवण कोणी काढू नये असा कॉलेजात अलिखित संकेत होता. अशा संघाची जबाबदारी तासिका तत्त्वावर नेमलेल्या एका प्रशिक्षिकेकडे सोपवण्यात फारसा धोका नाही, असा हिशेब नेमणुकीमागे असावा.

उपप्राचार्य प्रेमराज सरांनी तो आडपडदा न ठेवता मांडला. "यंदा एक तरी सामना जिंकून दाखवा, मॅडम. नाहीतर ही जागा पार्किंगला द्यायची असं मी ठरवलंय. ठरावाचा मसुदा तयार आहे."

"जागेचं नंतर पाहू, सर," मृणाली म्हणाल्या. "आधी गाडी काढा."

या उत्तरातला आवाज शिरपूरचा होता. मृणाली यांचे वडील चिंधा बागूल तिथल्या सूतगिरणीत कामाला होते. यंत्रांच्या घरघरीत माणसाला शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलण्याची सवय लागली आणि ती घरीही सुटली नाही. पाणी मागितले तरी गल्लीला कळायचे. मंदाबाई, मृणाली यांच्या आई, वैतागून हळू बोलायला सांगत, तेव्हा त्यांचे एकच उत्तर असे: "गिरणीत जो हाक मारत नई, त्याना शेजारीनं बोट जास." हाक म्हणजे आपल्या शेजारच्याचे रक्षण, हा धडा मृणाली यांनी कोणत्याही प्रशिक्षण शिबिराच्या आधी घरात घेतला होता.

म्हणूनच नव्या संघाचा सराव पाहताना त्यांना सर्वांत जास्त खटकली ती शांतता. मुली धावत होत्या, उड्या मारत होत्या, पास देत होत्या; बोलत मात्र नव्हत्या. बचावात प्रत्येकीने प्रतिस्पर्धी संघातली एक खेळाडू धरायची असते आणि ती आपण धरली आहे हे ओरडून सांगायचे असते. ते न सांगितल्यामुळे दोघी एकीच्याच अंगावर जात आणि दुसरी मोकळी राहून रिंगखाली निवांत उभी असे.

मृणाली यांनी शिट्टी वाजवली. "तोंडाला कुलूप लावलंय का गं?"

नरडाण्याहून येऊन होस्टेलवर राहणारी दिपमाला मान खाली घालून म्हणाली, "आधीचे सर म्हणायचे, कोर्टावर गावठी बोलायचं नाही. शुद्ध बोला."

"मग?"

"मग आम्ही बोलणंच सोडलं."

या उत्तरात एका संपूर्ण प्रदेशाच्या शिक्षणाचा इतिहास सामावलेला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. 'ही खेळाडू माझ्याकडे आहे' हे वाक्य मनात जुळवून होईपर्यंत ती खेळाडू बास्केट करून परत फिरलेली असते. ज्या भाषेत माणूस घाबरतो, चिडतो, हक्क सांगतो, त्या भाषेला बंदी केली की हक्क सांगणेही बंद होते. आधीच्या प्रशिक्षकांनी मुलींची भाषा सुधारली होती. त्याबरोबर संघाचा बचाव गेला होता.

"एस.टी.त जागा कशी धरतेस?" मृणाली यांनी विचारले.

दिपमाला गोंधळली. "खिडकीतून रुमाल टाकते."

"आणि कोणी त्या जागेवर बसायला लागलं तर?"

"ओरडते."

"काय ओरडतेस?"

दिपमालाने एकदा उपप्राचार्यांच्या खिडकीकडे पाहिले. मग श्वास घेऊन ती कडाडली, "मन्ही शे!"

माझी आहे. साऱ्या मुली हसल्या. सावद्याकडची किरण सर्वांत जास्त. तिच्या भागातली बोली वेगळी. "मॅडम, यांचं हे 'शे शे' म्हणजे शेळ्या हाकलल्यासारखं वाटतं."

"आणि तू काय ओरडशील गं?"

"माही!"

"हां," दिपमाला म्हणाली, "म्हणजे अर्धंच. घाईघाईत 'आहे' गाडीतच राहिलं हिचं."

"दोन्ही चालेल," मृणाली म्हणाल्या. "समोरची पोरगी म्हणजे खिडकीजवळची जागा समजा. रुमाल टाका आणि ओरडा. ज्या बोलीत आवाज निघेल त्या बोलीत."

त्या दिवसापासून संघाच्या शब्दकोशात 'रुमाल टाकणे' हे क्रियापद आले. कोर्टावरून 'मन्ही शे', 'माही', 'तुन्ही कोणती वं?' असा गलका उठू लागला. प्रेमराज सर खिडकीत आले. "मॅडम, हे कॉलेज आहे की बसस्टँड? उद्या मूल्यांकन समिती आली तर काय ऐकायचं तिनं?"

"समितीलाही जागा धरून ठेवू, सर," मृणाली खालूनच म्हणाल्या.

स्पर्धा धुळ्याला होती. पहिल्याच सामन्यात गाठ पडली ती गतविजेत्या संघाशी, आणि स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे एक तरी सामना जिंकायचा म्हणजे हाच जिंकायचा होता. त्या संघाने इंदूरहून प्रशिक्षक आणले होते. अर्ध्या खेळाडूही तिकडच्याच होत्या. खेळ सुरू होताच दिपमालाची हाक उठली आणि समोरच्या बाकावर हशा पिकला. तिथे बसलेल्या मुली तालात टाळ्या वाजवू लागल्या, "शे, शे, शे!" दिपमालाचा आवाज बसला. आवाजापाठोपाठ बचावही बसला, आणि गुणफलकावरचे अंतर वाढत गेले.

मृणाली यांनी टाइमआउट घेतला. मुली माना खाली घालून भोवती जमल्या.

"कोण हसतंय त्याकडे पाहू नका. एस.टी.त लोक हसले म्हणून कोणी जागा सोडली का आजवर?"

"नई," दिपमाला पुटपुटली.

"ऐकू आलं नाही. यंत्रं चालू असलेल्या गिरणीत उभी आहेस असं समज."

"नई!"

यानंतरचा खेळ पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो आवाजामुळे. पाचही जणी ओरडत होत्या. किरणची हाक इतकी वेळेवर पडे की तिच्या बाजूने आत शिरणे अशक्य झाले. मग आवेशात इतर मुलीही तिचीच हाक देऊ लागल्या. इंदूरचे प्रशिक्षक बाकावरून उठले.

"ये माही कौन है? हर जगह वही है! नंबर क्या है उसका?"

"पता नहीं सर," त्यांची कर्णधार धापा टाकत म्हणाली. "सब उसी को बुला रही हैं।"

"तो दो-दो लड़कियाँ लगाओ माही पर!"

दोघींनी अंदाजाने किरणला घेरले. रिंगखाली दिपमाला मोकळी राहिली. किरणने पास दिला, बास्केट झाली. पुन्हा तसेच घडले. अंतर आटत गेले आणि शेवटी एका बास्केटवर आले. अखेरच्या क्षणी दिपमालाने टाकलेला चेंडू रिंगवर फिरला, काठावर रेंगाळला आणि बाहेर पडला.

संघ हरला.

हस्तांदोलन करताना इंदूरचे प्रशिक्षक आदराने म्हणाले, "आपकी माही बहुत अच्छा खेली। कौनसी है, बताइए तो?"

"पाँचों," मृणाली म्हणाल्या. उलगडा करण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत.

परत आल्यानंतरच्या पहिल्या सरावाला उखर्डूभाऊ रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन कोर्टाच्या कडेला उभे होते. पार्किंगचे पट्टे मारण्याचा हुकूम त्यांना मिळाला होता. प्रेमराज सरांची मोटार फाटकाशी येऊन थांबली. तिच्यामागे दोन-तीन मोटारसायकली होत्या.

सर काच खाली करून म्हणाले, "हरलात ना, मॅडम?"

"हरलो."

"मग ठरल्याप्रमाणे..."

"ते तुम्ही ठरवलं होतं, सर. मी त्या दिवशी फक्त गाडी काढा म्हटलं होतं."

मृणाली यांनी मुलींना काहीच सांगितले नाही; सांगावे लागले नाही. किरण पहिल्या मोटारसायकलीसमोर गुडघे वाकवून, हात पसरून बचावाच्या पवित्र्यात उभी राहिली. "माही!" दुसरीसमोर दुसरी मुलगी गेली. मोटारसायकलवाले, बहुतेक त्यांच्याच वर्गातले, हसावे की गाडी मागे घ्यावी या संभ्रमात पाय टेकून थांबले. दिपमाला मात्र कोणासमोर गेली नाही. ती कोर्टाच्या मध्यवर्तुळात गेली, कमरेचा रुमाल काढला आणि जमिनीवर टाकला. मग मोटारीकडे तोंड करून तिने हाक दिली. या वेळी तिने सर्वनाम बदलले. आता ही जागा एकीची उरली नव्हती.

"आमनं शे!"

प्रेमराज सर खाली उतरले. "उखर्डू, तो रुमाल उचल आधी."

उखर्डूभाऊ जागचे हलले नाहीत. "सर, टाकलेला रुमाल उचलून बसणं म्हणजे आपल्याकडं मार खायचं काम शे. तुम्ही तर पारोळ्याहून एस.टी.नंच शिकले."

सरांनी रुमालाकडे पाहिले. कॉलेजात असताना त्यांनीही असे कितीतरी रुमाल टाकले असतील. दुसऱ्याचा मात्र बहुधा एकही उचलला नसेल. "ठराव मंजूर होणारच आहे," ते म्हणाले, पण पाऊल पुढे पडले नाही.

"होऊ द्या," मृणाली म्हणाल्या. "मंजूर झाल्यावरही आम्ही इथंच असू. उखर्डूभाऊ, ती फ्री थ्रोची रेष पार पुसली गेलीय. रंग आणलाच आहे तर तिथून सुरुवात करा."

उखर्डूभाऊंनी डब्याचे झाकण उघडले. फाटकाशी मोटारीचे इंजिन अजून चालूच होते. त्याच्यावर आवाज चढवावा लागणार, हे ओळखून मृणाली यांनी शिट्टी खिशात टाकली आणि वडिलांच्या आवाजात हाक मारली, "चला, बठ्ठ्या! साऱ्या जणी रुमाल टाका!"