व्हय म्हाराजा आणि एकशे सत्तावीस अंश

मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच माहीत आहे. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन आचऱ्याला घरी आलो आणि व्हिडिओ बघून बघून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चढवलं. (दोनदा चढवावं लागलं. पहिल्या खेपेला लग्नाचे फोटो गेले. तो विषय नको.) समुद्राची खारी हवा त्याला लागू नये म्हणून मी किती जपतो! "माका इतक्या कधी जपलात नाय," असं माझी बायको सुमन म्हणते.

तर त्या दिवशी अकराला आमच्या लेकीची, पूर्वाची, नोकरीची मुलाखत होती. पुण्याची कंपनी, शेवटची फेरी, ऑनलाइन. दोन वर्षं पोर धडपडत होती. मोबाइलला रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या काठावर, म्हणजे सगळी भिस्त या कॉम्प्युटरवर. साडेनऊला तिने तो चालू केला, तर दहा मिनिटांत फट्कन बंद! पुन्हा चालू, पुन्हा बंद!

"बाबा, ह्यो तापता," पूर्वा रडकुंडीला आली.

"तू कपडे बदल जा. मी बघतंय."

"तुमी हात लावू नकात!"

मी हात लावला.

मशीनच्या पोटात ठिकठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर असतात. ते शोधून काढणारा एक प्रोग्रॅम लिनक्सवर मिळतो, पण तो आधी एकेक प्रश्न विचारतो. प्रोसेसरमध्ये शोधू का? होय की नाही? अमक्या चिपमध्ये शोधू का? होय की नाही? आता आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा एकजण "बा देवा म्हाराजा" म्हणून मागणं मागतो आणि दर वाक्याला बाकीचे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" त्या घोळक्यात तीस वर्षं सगळ्यांत मोठा आवाज माझा. समोरचा नेमकं काय मागतोय, ते ऐकायची गरज कधी पडलीच नाही!

तर प्रश्न आला, होय ठोकलं. दुसरा आला, होय. मस्त लय लागली. तोंडानेही "व्हय म्हाराजा" सुरू झालं. शेवटी एक लांबलचक मजकूर आला. हा भाग सगळ्यांत धोक्याचा आहे, काही मशीनांवर यामुळे घोटाळे झाले आहेत, तरी शोधू का?

"व्हय म्हाराजा!"

पडदा थिजला. बाण हलेना. कुठलीही कळ दाबा, ढिम्म!

"बाबा, काय झाला?" दारात पूर्वा उभी. नवा कुर्ता, हातात फाइल, चेहरा पांढराफटक. घड्याळात दहा चाळीस.

"काय नाय. तो इचार करता हा."

बटण दाबून धरलं, बंद केला, परत चालू केला. आला! जीव भांड्यात पडला. घाईघाईने सेन्सरचे आकडे मागवले. पहिला एक्क्याऐंशी. दुसरा एकोणनव्वद. तिसरा एकशे सत्तावीस!

एकशे सत्तावीस! अहो, पाणी शंभराला उकळतं! "सुमन, पेटतलो ह्यो! भायर पळा!" असं ओरडत मी भिंतीतला प्लगच उपटला. (पुढे कळलं, त्या तिसऱ्या जागी सेन्सर जोडलेलाच नव्हता. जिथे काहीच नसतं, तिथे मशीन खुशाल एकशे सत्तावीस सांगतं. आमच्या कचेरीतही असे काहीजण होते.)

"गेली माझी नोकरी, आये!" म्हणून पूर्वा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा पन्नास.

सुमन स्वयंपाकघरातून तशीच धावत आली, बोटांना खोबऱ्याचा कीस. तिने प्रोग्रॅम विचारला नाही की आकडे विचारले नाहीत. टेबलाखाली वाकली आणि कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला.

"अवो, ह्या काय?"

"काय?"

"खताची पिशवी! सुंभान आवळून! ही कोणी बांधल्यान?"

मीच बांधली होती. खारी हवा लागू नये म्हणून आदल्याच रात्री मागची सगळी बाजू प्लॅस्टिकने गुंडाळून, तीन गाठी मारून बंद केली होती, पावसाळ्यात पडवी झाकून घेतो तशी. पंख्याची जाळी अर्थातच आत.

"शिरा पडो तुमच्या त्या काळजीर! त्येका वारो नको?" सुमनने कोयत्याने सुंभ कापला.

दहा सत्तावनला कॉम्प्युटर चालू झाला आणि चालूच राहिला. मला दोघींनी पडवीत बसवलं. कान मात्र आत. तासाभराने पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "ऐनवेळी अडचण आली, तर तुमचं पहिलं पाऊल काय असेल?"

पूर्वा जराही अडखळली नाही. "ज्या माणसाला सगळं कळतं, त्याला आधी खोलीबाहेर काढीन."

पलीकडे हसण्याचा गडगडाट!

आठवड्याने होकार आला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी थांबेना. त्या संध्याकाळी सुमनने देवापुढे नारळ ठेवला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पोरीक नोकरी दिलंस, तसोच ह्या माणसाचो हात त्या कॉम्प्युटरापासून कायमचो लांब ठेव रे म्हाराजा!"

तीस वर्षांची सवय हो. सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच ओरडलो, "व्हय म्हाराजा!"