मांजरीचा पिंजरा माळ्यावर का नसावा

घरातल्या मांजरीला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागले, तर पहिली अडचण कोणती येते? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. निवृत्त शिक्षिकेच्या समजुती सहसा पक्क्याच असतात.

घाटकोपरच्या घरात मी, धाकटी बहीण आणि एक करडी मांजरी राहतो. मांजरीसाठी मी प्रथमोपचाराचा डबा सिद्ध केला होता. त्यात गॉझ, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री आणि डॉक्टरांचा क्रमांक होता. झाकणाच्या आत सुवाच्य अक्षरात सूचना होती : ‘माणसांची तापाची अथवा दुखण्याची गोळी मांजरीस देऊ नये, जिवावर बेतते.’

“ताई, आता डब्यावर इयत्ता आणि तुकडीही लिही,” बहीण म्हणाली होती.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी बहीण पूजेसाठी शेवंतीचा हार ओवत होती. फोन वाजला म्हणून उठली. परत येऊन पाहते तो मांजरीच्या तोंडातून पांढरा दोरा लोंबतो आहे आणि ती सारखी आवंढे गिळते आहे. सुई कुठे? पाट उचलला, फुले चाळली. सुई चौरंगाखाली मिळाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण पोटात दोरा किती गेला, हे कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात समोरच्या मालवणी काकू दारात आल्या. “वढून काडा मगे, बाईनू! दोरोच तो. त्येका डॉक्टर कित्याक?”

बहिणीचा हात पुढे झालाही होता. मी तो धरला. इथे कारण समजून घ्यावे. दोऱ्याचे दुसरे टोक जिभेच्या मुळाशी किंवा आत आतड्यात अडकलेले असू शकते. बाहेरून ओढला, की तोच दोरा आत सुरीसारखा चिरत जातो. डॉक्टरांनी फोनवर हेच सांगितले : ओढू नका, काही खाऊ घालू नका, लगेच घेऊन या.

घेऊन या! पण कशातून? पिंजरा माळ्यावर होता. रोज लागत नाही ते सगळे माळ्यावर, हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे पिंजऱ्याच्या पुढे गणपतीचे मखर, मखराच्या पुढे ताडपत्री आणि ताडपत्रीवर दिवाळीचे डबे.

“ताई, शिडी नीट धर गं!”

“आधी डबे उतरव. मग ताडपत्री.”

“वर मी चढलेय ना? क्रम मी ठरवते!”

“मांजर ऱ्हवला बाजूक, हयसर दिवाळीची साफसफाई चालू झाली,” काकू म्हणाल्या.

शिडीचा आवाज ऐकताच मांजरी दिवाणाखाली गेली होती. पिंजरा दिसतो तो फक्त लस टोचायच्या दिवशी, हे तिने केव्हाच शिकून घेतले होते. आता भीती निराळीच : लोंबता दोरा तिच्याच पंजाखाली आला, तर तीच तो ओढणार. काकूंनी एका बाजूने झाडू आडवा धरला, मी दुसरीकडून टॉवेल टाकून तिला चारी पायांसकट गुंडाळले. बहिणीने पिंजरा दार वर करून उभा धरला आणि आम्ही तिला मागच्या पायांकडून आत सोडले. तोंड पुढे करून कोंबले असते, तर तिने चारही पाय दाराला टेकवले असते. रिक्षा करून आम्ही दोघींनी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मांजरीला गुंगी दिली. दोऱ्याचा फास जिभेखालीच होता. तो कापल्यावर दोरा अलगद निघाला. पुढे काही गेले नव्हते. काकूंना कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, “नशीब, माझा ऐकलास नाय!”

आता पिंजरा दार उघडे ठेवून खिडकीखाली असतो. आत जुनी साडी अंथरली आहे. सुरुवातीला मांजरीने त्याकडे पाठ फिरवली. हल्ली दुपारी तिथेच झोपते.

सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे : पहिली अडचण पिंजऱ्याची. परंतु मी शिक्षिका आहे, पशुवैद्य नव्हे. म्हणून दोऱ्याविषयी आणि गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्यावी. आणि घरातला पिंजरा आज एकदा स्वतः काढून पाहावा, ही विनंती.