लोरेनला मी न दिलेलं वाक्य

माझं असं काहीच नाही जे आपल्याला ठाऊक नाही, असं मिलिंदला वाटतं. सव्वीस वर्षं झाली लग्नाला, वाटणारच. पण हे त्याला माहीत नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, कधी भेटणारही नाही — बहुतेक म्हणूनच.

आधी लोरेनबद्दल सांगायला हवं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

लोरेन अमेरिकन नटी. ओहायोमधल्या एका लहानशा गावातली, वडिलांचं खिळे, रंग, कुलपं विकायचं दुकान. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेली आणि सहा वर्षं दुसऱ्यांच्या भूमिका पाठ करून विंगेत बसून राहिली. मुख्य नटी आजारी पडली तरच हिला उभं राहायला मिळणार. "आणि त्या बायकांना साधी सर्दीसुद्धा व्हायची नाही," असं ती हसत सांगायची. मग एकीचा पाय मोडला. ते नाटक पुढे दोन वर्षं चाललं, लोरेनच्या नावावर. त्यानंतर टीव्ही. हॉस्पिटलवरच्या एका मालिकेत ती अकरा वर्षं हेड नर्स होती. लोक तिला रस्त्यात गाठून आपली दुखणी सांगायचे, गोळ्या विचारायचे. पन्नाशी उलटली आणि लेखकांनी तिला मारून टाकलं. तेही पडद्यावर नाही — डॉक्टरला एक फोन येतो, तो खाली बसतो, आणि जाहिराती सुरू. "माझं मरणसुद्धा मला करू दिलं नाही," ती म्हणायची. त्यानंतर तिला धड काम मिळालं नाही.

नवरा गेल्यावर ती मुलीकडे, केटकडे, सिंगापूरला आली. केट बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, उच्चभ्रू सोसायटीत राहणारी. तिथल्याच फंक्शन रूममध्ये लोरेनने दर शनिवारी सकाळी अभिनयाचा वर्ग सुरू केला.

आणि मी? मी सिंगापूरमध्येच बुकित बातोकला राहते, तुआसच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. पुण्यात कॉलेजला असताना एकांकिका करायचे. चांगल्या करायचे — निदान लोक तसं म्हणायचे. मग लग्न, इथली नोकरी, मुलीची शाळा. चव्वेचाळीस वर्षांची असताना लोरेनच्या वर्गात जाऊन बसले, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांत उभी राहून संवाद म्हटले होते. हे सांगतेय ते दया यावी म्हणून नाही. पुढचं कळावं म्हणून.

वर्गाच्या दुसऱ्या वर्षी मी एक मोठं स्वगत बसवलं. तीन आठवडे एमआरटीत, इथल्या मेट्रोत, ओठ हलवत जायचे, समोरची माणसं बघत राहायची. शनिवारी सगळ्यांसमोर करून दाखवलं. लोरेन म्हणाली, "अंजली, एक शब्द इकडचा तिकडे नाही! तुझ्यासारखी प्रॉम्प्टर मला न्यूयॉर्कमध्ये मिळायला हवी होती."

सगळे हसले. तीही हसली. मीसुद्धा हसले, थँक यू म्हणाले.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मला हे तेव्हाही कळत होतं — आणि म्हणूनच जास्त लागलं असेल का? मुद्दाम टोचणाऱ्याशी भांडता तरी येतं. हिने अगदी सहज, मायेने सांगून टाकलं होतं की तू नटी नाहीस. आणि तिला अभिनयातलं कळत होतं, हो ना? एवढं आयुष्य त्यातच गेलेलं. ती खोटं बोलत नव्हती.

पुढच्या वर्षी तिने स्वतःच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग लिहिला. सव्वा तासाचा. वय त्र्याहत्तर. विंगेत कोणीतरी संहिता घेऊन बसायला हवं होतं, अडलं तर पुढचं वाक्य द्यायला. तिने कोणाला विचारलं असेल, सांगायला नको.

मी हो म्हटलं.

चार महिने दर बुधवारी ऑफिसातून परस्पर तिच्याकडे जायचे. ती माझ्यासाठी कॉफी तयार ठेवायची, आमच्यासारखी, दुधाची. पहिल्याच दिवशी तिने एक नियम घालून दिला. "मी थांबले म्हणजे विसरले असं समजू नकोस. विसरले तर मी तुझ्याकडे बघेन. बघितलं, की दे."

चार महिन्यांत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तिला सगळं तोंडपाठ होतं. मलाही.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला. शंभरेक खुर्च्यांचं लहानसं सभागृह, तरी भरलेलं. केट पहिल्या रांगेत, कॉन्डोतले शेजारी, वर्गातले सगळे, मिलिंदसुद्धा. पाऊण तास तिने त्या माणसांना अक्षरशः खिळवून ठेवलं होतं. काय सांगू तुम्हाला — त्या वयात, एका खुर्चीवर बसून! मी विंगेतून बघत होते आणि तिचं प्रत्येक वाक्य मनात तिच्याआधी म्हणत होते. कौतुक? असेलही. पण कडू होतं ते.

मग तो प्रसंग आला. मुख्य भूमिकेतली पहिली रात्र संपलीय, ती ओहायोला फोन लावते. "माझ्या आईने एकच प्रश्न विचारला," ती म्हणाली — आणि थांबली.

पुढचं वाक्य होतं, "लोक आले होते का गं?" बस, एवढंच. माझं बोट त्याच ओळीवर होतं.

तिने माझ्याकडे बघितलं.

मी दिलं नाही.

घाबरले होते म्हणू? पान चुकलं होतं? आवाज फुटला नाही? काही नाही. संहिता उघडी होती, दिवा चालू होता, ती माझ्यापासून दहा पावलांवर होती. तिने दुसऱ्यांदा बघितलं. तिच्या वरच्या ओठावर मेकअपमधून घाम आलेला मला दिसला. मी नजर वळवली नाही. सरळ तिच्या डोळ्यांत बघत बसले — तोंड मिटून. वीस सेकंद गेले असतील. कधीतरी कोणासमोर वीस सेकंद गप्प उभं राहून बघा. मला तिला पडताना बघायचं होतं. आणि सांगूनच टाकते — मला बरं वाटलं. अंगभर, उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं तसं.

तिने तो प्रसंग सोडला, पुढचा धरला, तोही विसकटला. मधलं एक पान गेलं. शेवटी टाळ्या झाल्या — गॅदरिंगमध्ये अडखळलेल्या मुलीला वाजवतात तशा.

मेकअपरूममध्ये तिने विचारलं, "अंजली, तू दिलंस का वाक्य?"

"दोनदा," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा तर इतक्या मोठ्याने, की मला वाटलं पहिल्या रांगेला ऐकू जाईल."

तिने हळूच कानाला हात लावला. घरी जाताना मिलिंद म्हणाला, "बिचारी. तू तरी काय करणार गं!"

पंधरा दिवसांनी तिचे कान तपासले. उत्तम निघाले. तेव्हा केटने मला कॉफीला बोलावलं. "नक्की दिलं होतंस ना?" तिने विचारलं. "कारण कान ठीक असतील, तर मग तिचं डोकंच..."

इथे सगळं थांबवता आलं असतं. एका शब्दात. तुम्हीही मनात हेच म्हणताय ना? मी म्हणाले, "हो, दोनदा दिलं. खरं सांगायचं तर तालमीतही व्हायचं असं अधूनमधून. मी तुला बोलले नाही." केट रडायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

डॉक्टरांनी ठाम काहीच सांगितलं नाही. वय आहे, लक्ष ठेवा, म्हणाले. केटने वर्ग बंद करायला लावला. मग आठवड्याभराने मला विचारलं — तू घेशील का, तात्पुरता? मी घेतला.

इथवर सूड तरी म्हणता येईल. यापुढचं काय म्हणायचं?

मी लोरेनला भेटायला जात राहिले. ती जुन्या गोष्टी सांगायची. एकदा म्हणाली, त्या नटीचा डावा पाय मोडला होता. मी म्हटलं, "मागे तू उजवा म्हणाली होतीस." ती कधीच तसं म्हणाली नव्हती. ती थबकली. "असं म्हणाले मी?" पुढच्या खेपेला मी तिच्या एका दिग्दर्शकाचं नाव चुकवलं, आणि तिने बरोबर नाव सांगितल्यावर म्हटलं, "पण मी तूच सांगितलेलं म्हणतेय." असं मी तीनदा केलं. त्यानंतर ती एक वही जवळ ठेवायला लागली. बोलायच्या आधी उघडून बघायची. वर्षभराने तिने आपणहून गोष्टी सांगणं सोडलं. वर्गातून तिच्याकडे कोणी गेलं, तर ती माझ्याकडे बघून म्हणायची, "अंजलीला विचारा, तिला माझं सगळं पाठ आहे."

शेवटी केटने तिला ओहायोला ठेवायचं ठरवलं, तिच्या गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात. चांगी विमानतळावर मीही गेले होते. केट सामान देत होती तेवढ्यात लोरेनने माझा हात धरला.

"मला तुझी माफी मागायचीय," ती म्हणाली. "त्या दिवशी स्टेजवर मला वाटलं होतं, तू तोंडच उघडलं नाहीस. मला तसं दिसलं होतं. कित्येक महिने मी मनात तुझा राग धरला. एवढं तू माझ्यासाठी केलंस, आणि मी —"

तिने बघितलं होतं. अगदी बरोबर बघितलं होतं. आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

"जाऊ दे गं," मी म्हणाले. "होतं असं." तिला जवळ घेतलं, तिचे डोळे पुसले. मी तिला माफ केलं.

ती चार वर्षं जगली. तिथल्या म्हाताऱ्यांनी कितीदा म्हटलं, काहीतरी करून दाखव. तिने नाही म्हटलं. माझा भरवसा नाही, म्हणायची. गेल्या वर्षी ती गेल्यावर केटचा फोन आला. शेवटच्या तपासण्यांत तिचं डोकं अगदी शाबूत निघालं होतं, म्हणाली, विसरण्याचा आजार असा काही कधी नव्हताच. तिथल्या डॉक्टरांना नवल वाटलं.

मला नाही वाटलं.